हातोडा नाही, गीता नाही, तरी कोर्ट चालू आहे!

बांधाची केस वीस वर्षं चाललीय म्हणून वैतागलात? जरा थांबा. माहीत आहे का, जगातला सर्वांत लांबलेला दावा म्हणून गिनीज बुकानं ज्याची नोंद घेतली, तो आपल्या पुण्याचा आहे! निकाल लागला २८ एप्रिल १९६६ला. आणि दावा लावला होता… १२०५ साली. बोटं मोजत बसू नका. ७६१ वर्षं होतात.

१२०५ म्हणजे देवगिरीवर यादव. ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माला अजून सत्तर वर्षं अवकाश. गिनीजच्या म्हणण्यानुसार मालोजी थोरातांनी तक्रार गुदरली आणि त्यांच्या वंशजाच्या हातात निकाल पडला, तेव्हा इंदिराबाई पंतप्रधान झाल्या होत्या. मधल्या काळात यादव गेले, सुलतान आले, शिवशाही झाली, पेशवाई झाली, कंपनी सरकार येऊन गेलं, देश स्वतंत्र झाला. केस आपली बोर्डावर ती बोर्डावरच!

बरं, भांडण कशाचं? जमिनीचं? सोन्याचं? छे हो, मानपानाचं! समारंभात अध्यक्षस्थानी कोण बसणार आणि उत्सवात पहिला मान कुणाचा, एवढंच. आता खरं सांगू का, आठशे वर्षांपूर्वीचा तंटा इंग्रजी अमदानीतल्या कोर्टापर्यंत अखंड पोचला कसा, हा प्रश्न मला गिनीजवाल्यांना विचारायचाय. कागद कुठल्या दप्तरात होते म्हणे? पण मानासाठी सात शतकं माघार न घेणारं घराणं मराठी होतं, हे मात्र पुरावा न मागता पटतं.

यावरून आठवलं. कायद्यात मुदती किती मिळतात, माहीत आहे का? तीन! हसू नका, खरंच तीन. दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर १७ सांगते की, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं 'अगदीच नाइलाज असेल तर' एवढी बारीक फट ठेवली. त्या फटीतून आता रोज ट्रक जातात.

चला, आता पिक्चरवाल्यांची उलटतपासणी घेऊ. 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणत हातोडा आपटणारे जज्जसाहेब तुम्ही पडद्यावर शंभरदा पाहिलेत. आपल्या कोर्टात हातोडा नसतो! इंग्लंडच्या कोर्टातही नसतो. तो अमेरिकेचा माल, हॉलिवूडमार्गे आपल्या सिनेमात आला आणि तिथून थेट वकिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर जाऊन बसला.

गीतेवर हात ठेवून शपथ? तीही नाही. १९६९चा शपथ कायदा कुठलाही ग्रंथ मागत नाही. साक्षीदार ईश्वराची शपथ घेतो किंवा ईश्वर नको असेल तर गांभीर्यपूर्वक कथन करतो, झालं. आणि बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नाही असं कोर्टाला वाटलं, तर त्याची साक्ष शपथेशिवायही चालते. शाळकरी पोरांनो, आईसमोर हे कलम काढू नका. तिच्या कोर्टात अपील नसतं.

फाशी सुनावल्यावर पेनाची निब मोडतात, हे मात्र ऐकीव नाही. प्रथा आहे. कायद्यात कुठेही लिहिलेली नाही, पण आहे.

आणि काळा कोट? मे महिना, चंद्रपूर, पारा पंचेचाळीसला टेकलेला. अशा वेळी वकीलसाहेबांनी काय करावं? बार कौन्सिलचा नियम मेहेरबान आहे: उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही. पण हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला ही सवलत नाही. म्हणजे चंद्रपूरच्या जिल्हा कोर्टात कोट खुंटीला आणि नागपूर खंडपीठात मात्र कोट, गाऊन, बँड, घाम… फुल युनिफॉर्म!

'मायलॉर्ड'चंही तेच. २००६ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ठरवलं की, वरच्या कोर्टांत 'युवर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणा आणि खालच्या कोर्टांत साधं 'सर' पुरे. एवढी वर्षं झाली. जाऊन ऐका. लॉर्ड इंग्लंडला परत गेले, पण हायकोर्टात अजून दर दोन मिनिटांनी हजर होतात.

वकिलांची जाहिरात कधी पाहिलीत? 'दोन केसवर एक जामीन फ्री' असा फ्लेक्स? दिसणार नाही. वकिलानं जाहिरात करायची नाही, असा नियमच आहे. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. ज्या पेशाचं अख्खं पोट बोलण्यावर चालतं, त्याला स्वतःबद्दल मात्र बोलायला बंदी!

आता मुंबईला चला, फोर्टात. हायकोर्टाची ती काळसर दगडी गॉथिक इमारत. बांधकाम १८७१ला सुरू झालं, १८७८च्या नोव्हेंबरात संपलं. आराखडा कर्नल फुलर यांचा. खर्च झाला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये. माहीत आहे का यात चमत्कार कोणता? मंजूर रकमेपेक्षा हा आकडा २,६६८ रुपयांनी कमी आहे! सरकारी बांधकाम आणि वर पैसे उरले! हा पुरावा म्युझियममध्ये ठेवायला हवा.

त्याच इमारतीत वर मान करून नीट शोधलंत, तर दगडात कोरलेलं एक माकड भेटेल. हातात न्यायाचा तराजू आणि डोळ्यावर पट्टी. अशी पट्टी की एक डोळा उघडाच राहिलाय! कथा अशी सांगतात की, कोरीवकाम करणारा कुणी पारशी कंत्राटदार कोर्टात केस हरला आणि त्यानं छिन्नीनं सूड उगवला. कथा खरी की खोटी, देव जाणे. पण कोर्टाचा अवमान कोर्टाच्याच भिंतीवर, तोही कोर्टाच्याच खर्चानं, आणि इतकी वर्षं शिक्षा नाही! असा क्लायंट प्रत्येक वकिलाला मिळो.

शहराचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं. हायकोर्टाचं? आजही 'बॉम्बे'. त्याच्या छत्राखाली नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात खंडपीठं आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची रात्रीची मुंबईची एसटी वाचली. त्यासाठी वकिलांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. कोल्हापूरकर एखादी गोष्ट मनावर घेतात, म्हणजे घेतात.

आता माझी सगळ्यांत आवडती केस. पान खाणाऱ्यांनी पिंक टाकून या, निवांत बसा.

प्रश्न: विड्याचं पान ही भाजी आहे का?

हा प्रश्न अकोल्यातून थेट सुप्रीम कोर्टात गेला, माहीत आहे का? झालं असं की, तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला करमाफी होती. अकोल्याच्या एका पानाच्या व्यापाऱ्यावर विक्रीकर अधिकाऱ्यांनी कर बसवला. व्यापारी म्हणाला, अहो, पान वेलीला लागतं, हिरवं असतं, मातीतून उगवतं. भाजी नाही तर काय मटण आहे? मुद्दा बिनतोड! वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाहिलं तर पान वनस्पतीच. इंग्रजी शब्दकोश उघडला तर तोही व्यापाऱ्याच्या बाजूनं झुकेल, इतका तिथला अर्थ ऐसपैस.

१९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शब्दकोश बाजूला सारला आणि बाजाराची पिशवी हातात घेतली. कायद्यातला रोजच्या वापराचा शब्द शास्त्रज्ञाच्या अर्थानं वाचायचा नाही, चारचौघं ज्या अर्थानं बोलतात त्या अर्थानं वाचायचा. भाजी म्हणजे परसात पिकते आणि जेवणाच्या ताटात येते ती. 'आज भाजी काय आणू?' या प्रश्नाला 'बनारसी शंभर पानं आणा' असं उत्तर कुठल्या घरात मिळतं? पान हरलं, कर लागला.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी बिहारमधून ऊस आला. ऊस हिरवी भाजी आहे का? नाही, म्हणालं सुप्रीम कोर्ट. साखर कारखानदारांना हा निकाल कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. आणि हे खेळ अजून संपलेले नाहीत बरं का! २०२४च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता: खोबरेल तेलाची छोटी बाटली डोक्याची की पोटाची? केसांच्या तेलाला कर जास्त, खाद्यतेलाला कमी. निकाल असा की, बाटली लहान आहे म्हणून ती आपोआप हेअर ऑइल होत नाही. कंपनी ते केसांसाठी म्हणून विकत असेल तरच. आपल्याकडे मालवणात वडे तळायला आणि वेणी घालायला एकच बाटली चालते, हे न्यायमूर्तींना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

क्विक राउंड! 'चारसोबीस' म्हणजे कोण? ठग. पण १ जुलै २०२४ पासून चारसोबीस कलमच उरलेलं नाही! १८६०च्या दंडसंहितेत ५११ कलमं होती, नव्या भारतीय न्याय संहितेत ३५८. चारशेपर्यंत मोजणीच पोचत नाही. फसवणूक आता ३१८ मध्ये गेली. राज कपूरला १९५५चा तो पिक्चर आज काढायचा असता, तर नाव ठेवावं लागलं असतं 'श्री ३१८'. बॉक्स ऑफिसवर जामीन मिळाला नसता!

खुनाचं ३०२? ते झालं १०३. मग नव्या संहितेत ३०२ला काय आहे? जाणूनबुजून कुणाच्या धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. तेव्हा चावडीवर 'तुझ्यावर तीनशे दोन लावीन' अशी धमकी देण्याआधी नवीन पुस्तक उघडा. आणि जमावबंदीचं १४४? आता १६३.

आता थोडा मसाला. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाचे कमांडर कावस नानावटी पत्नीच्या प्रियकराच्या, प्रेम आहुजाच्या बेडरूममध्ये शिरतात. तीन गोळ्या. मग स्वतःच जाऊन गुन्हा सांगतात. पुढचं अख्ख्या मुंबईला पाठ आहे. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना खपायला लागला. रस्त्यावर फेरीवाले 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकत होते, खेळण्यातली! आणि जोडीला 'आहुजा टॉवेल'. टॉवेल का? कारण झटापट झाली म्हणावं, तर नुकत्याच आंघोळ केलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हललाच कसा नाही, असा सरकार पक्षाचा मुद्दा. मुंबईकरांना मार्केटिंग शिकवायला कुणी लागत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

ज्युरीनं ८ विरुद्ध १ असा कौल दिला: निर्दोष! सेशन्स जज्जांनी कपाळावर हात मारला आणि प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथं जन्मठेप. सुप्रीम कोर्टात कायम. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. हायकोर्टात सरकारच्या बाजूनं उभे होते यशवंत विष्णू चंद्रचूड. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

'नानावटीनंतर भारतातली ज्युरी बंद झाली', हे वाक्य तुम्ही क्विझमध्ये लिहिलं असेल आणि मार्कही घेतले असतील. पण ते अर्धंच खरं. ज्युरी टप्प्याटप्प्यानं गेली आणि १९७३च्या फौजदारी संहितेनं तिला शेवटचा नमस्कार केला. तरीही, माहीत आहे का, एका कोपऱ्यात ती आजही जिवंत आहे! मुंबई हायकोर्टात पारशी विवाहांचे खटले चालतात तेव्हा न्यायमूर्तींसोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. कायद्याचा मुद्दा न्यायमूर्तींचा, पण वस्तुस्थितीवर बहुमत या पाचांचं. १९३६च्या कायद्यात हे सात जण होते, १९८८ मध्ये पाच झाले. नवरा-बायकोच्या भांडणात पाच तिऱ्हाईत! आपल्याकडे एवढे लोक कायद्याशिवायच पडतात.

चंद्रचूडांकडे परत येऊ. हे पुण्याचे यशवंतराव पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९७८ ते १९८५, सात वर्षांहून जास्त काळ त्या खुर्चीत राहिले. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. उलट टोकाला न्यायमूर्ती के. एन. सिंह: १९९१ मध्ये जेमतेम अठरा दिवस! आपले उदय लळीत ७४ दिवस होते. काहींच्या नावाच्या पाटीचं पॉलिशही वाळत नाही, तोवर निरोप समारंभ.

आणि ट्विस्ट! यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय हेही सरन्यायाधीश झाले. बाप-लेक दोघंही सरन्यायाधीश, अशी जोडी दुसरी नाही. चिरंजीवांनी काय केलं? आणीबाणीतला, मूलभूत हक्कांना कुलूप लावणारा जो निकाल वडिलांच्या सहीचा होता, तो २०१७ मध्ये चुकीचा ठरवणाऱ्या खंडपीठात ते स्वतः होते. २०१८ मध्ये व्यभिचाराच्या कलमावरही वडिलांचं मत पुसलं. घरात वडिलांचं ऐकावं, कोर्टात संविधानाचं.

पाठोपाठ दुसरी आयरनी घ्या. १८९७, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. त्यांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर दिनशा दावर हायकोर्टात लढले आणि जामीन मिळाला. १९०८, पुन्हा टिळक, पुन्हा राजद्रोह. या वेळी दावर न्यायमूर्तींच्या खुर्चीत! टिळकांसाठी जामीन मागायला उभे कोण? बॅरिस्टर जिना. दावर म्हणाले, नाही. वर सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, तीच मंडालेची. १९१६ मध्ये जिनांनीच टिळकांना पुढच्या खटल्यातून सोडवलं. ज्या दालनात शिक्षा झाली तिथं आज टिळकांचे शब्द कोरलेला फलक आहे; १९५६ मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तो लावला.

पहिल्या दिवशी पाय लटपटले म्हणून नाराज असलेल्या ज्युनियर वकिलांसाठी खास: लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या केसला उलटतपासणीसाठी उभे राहिले… आणि एक प्रश्न सुचेना! फी होती तीस रुपये. ती परत केली, केस दुसऱ्या वकिलाकडे सोपवली आणि कोर्टाबाहेर पडले. पुढं याच माणसाच्या पाठीमागं अख्खा देश उभा राहिला. तेव्हा सर, घाबरू नका.

डॉ. आंबेडकर हरलेली एक केस माहीत आहे का? १९३४. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला. संततिनियमन, लैंगिक शिक्षण असले विषय. वकीलपत्र घेतलं बाबासाहेबांनी! कोर्टानं कर्व्यांना दोनशे रुपये दंड ठोठावला. आज शाळेत जे शिकवावं म्हणून परिपत्रकं निघतात, त्यासाठी तेव्हा कर्वे खिशातून भरत होते आणि बाबासाहेब घसा कोरडा करत होते. पुढच्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. हे कॉलेज १८५५चं.

बायका कुठे आहेत, विचारताय? नाशिकला! कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या जगातल्या पहिल्या महिला ठरल्या. परीक्षा दिली १८९२ मध्ये. पदवी हातात कधी पडली? १९२२ मध्ये! १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. मार्कशीटला उशीर झाला म्हणून विद्यापीठावर मोर्चा काढणाऱ्यांनो, तीस वर्षं!

हायकोर्टात पहिल्यांदा गाऊन चढवला तो मिठन लाम यांनी, १९२०च्या दशकात. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. हो, मुंबईला शेरीफ असतो! घोडा नाही, पिस्तूल नाही, नुसता मान. हे पद दिलीप कुमारांनी भूषवलंय आणि सुनील गावसकरांनीही. गावसकर शेरीफ असताना कुणी वेगवान पळ काढायचं धाडस केलं नसावं. ते दिवसभर खेळपट्टीवर उभे राहू शकतात.

देवाचं काय? देव कोर्टात जाऊ शकतो का? जाऊ शकतो, जिंकूही शकतो! आपल्या कायद्यात मंदिरातली मूर्ती ही व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन होते, ती दावा लावते. फक्त एक अडचण: ती कायमची अज्ञान, म्हणजे मायनर. म्हणून तिच्या वतीनं दुसरं कुणीतरी उभं राहतं. 'अज्ञान आहे ना, मग टॅक्स माफ?' असा विचार मनात आला असेल तर १९६९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा: देवालाही इन्कम टॅक्स लागू होतो. भक्तांचं गाऱ्हाणं ऐकताना त्याचा चेहरा इतका सहानुभूतीचा का असतो, ते आता कळलं.

आणि देवाची फॉरेन ट्रिप! तमिळनाडूतल्या पत्तूरची नटराजाची ब्राँझ मूर्ती चोरीला जाऊन लंडनला पोचली. तिथल्या कोर्टात मंदिरानंच दावा सांगितला. १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टानं मंदिराला दावेदार मानलं आणि नटराज घरी परतले. व्हिसा, वकील, निकाल, सगळं ओके!

आता 'बसायचं' बोलू. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, माहीत आहे का? १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. एक दिवसाचा परवाना मिळतो, आजीवनही मिळतो. आणि कारण काय लिहिलेलं असतं? आरोग्य जपण्यासाठी आणि टिकवण्यासाठी! तेव्हा उद्या 'कुठे चाललास?' असं विचारलं, तर 'तब्येतीसाठी' हे उत्तर कायदेशीर आहे. बायकोच्या कोर्टात ग्राह्य धरतील याची हमी नाही.

गोव्यात थोडं वेगळं. तिथं कौटुंबिक कायद्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. बाप कितीही चिडला तरी मुलांना पूर्ण बेदखल करू शकत नाही, कारण निम्मी इस्टेट वारसांसाठी राखीव. मालिकेतला तो डायलॉग, 'तुला फुटकी कवडी मिळणार नाही!', गोव्यात शूट करून उपयोग नाही.

छोट्या रकमांचे मोठे वीर! मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९ मध्ये रेल्वे तिकिटाचे वीस रुपये जास्त घेतले गेले. ते ग्राहक मंचात गेले. शंभराहून जास्त तारखा, २२ वर्षं. २०२२ मध्ये जिंकले: वीस रुपये व्याजासकट, वर पंधरा हजार भरपाई. चंडीगडला एका ग्राहकाकडून बुटांच्या दुकानानं कागदी पिशवीचे तीन रुपये घेतले. २०१९ मध्ये दुकानाला एकूण नऊ हजार रुपये मोजावे लागले. तीन रुपयांवर हा परतावा शेअर बाजारात दाखवा! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही आणि तुमच्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार देता येते, हे कात्रण फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तालुक्याच्या कोर्टाबाहेर कधी सकाळी दहाला उभे राहिलात? वडाखाली नोटरीचं टेबल, त्यावर शाईचं पॅड, लाल सील आणि अर्धा कप चहा. बाजूला टायपिस्ट, आता त्याच्याकडे लॅपटॉप, पण टायपतो दोनच बोटांनी. आत शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो, आडनाव आधी, नाव नंतर, आणि गर्दीतून चार माणसं एकदम उठतात. भिंतीवरच्या बोर्डापुढे माना उंचावलेल्या. त्यांना कुणी सांगा हो, की आता प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. तारीख टळत नाही, पण एसटीचं भाडं वाचतं.

त्याच वडाखाली अजून एक गुपित. उत्पन्नाचा, जातीचा दाखला काढायला सरकारी कचेरीत प्रतिज्ञापत्र द्यायचं असेल, तर स्टॅम्प पेपर लागत नाही. २००४ पासून माफी आहे! मृत्युपत्र? तेही साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीनं चालतं. ना स्टॅम्प, ना नोंदणीची सक्ती.

लोकअदालतीत मिटलं, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि अपीलही नाही. कज्जा संपला म्हणजे संपला.

'कोर्टवाले कामच करत नाहीत' असं म्हणणाऱ्यांसाठी: ४ मे २०१८, मुंबई हायकोर्टाच्या उन्हाळी सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. न्यायमूर्ती शाहरुख काथावाला सकाळी बसले आणि उठले कधी? दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला! शंभराहून जास्त प्रकरणं ऐकली. दालन तरीही वकिलांनी भरलेलं. लोकल बंद, कोर्ट चालू!

आणि जाता जाता, बागकामवाल्यांनो, इकडे लक्ष. परसात खणताना जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर कलेक्टरना कळवणं सक्तीचं आहे. १८७८चा गुप्तधन कायदा, आकडा तेव्हापासून दहाच! लपवलंत तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलंत आणि मालक सापडला नाही, तर सामान्यतः तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. भाडेकरू असाल, तर फावडं हातात घेण्याआधी घरमालकाशी गोड बोलून ठेवा.